सांगून भांडणारे मास्तर

तुमच्याशी भांडायला येणाऱ्या माणसानं भांडणासाठी तुमची सोयीची वेळ विचारली आहे का कधी?

मला विचारली आहे. एका शुक्रवारी संध्याकाळी आमचे शेजारी रघुनाथ मास्तर दारात उभे राहिले आणि चपला न काढताच म्हणाले, "रविवारी सकाळी तुझ्याशी भांडायला येणार हाय. घरी असशील न्हवं?" असेन, मी म्हणाले. "मग तयारीत राहा," एवढं सांगून ते गेले. रविवारी इस्त्रीचा सदरा घालून आले. मी काढलेल्या एका पत्रकातलं एकच वाक्य त्यांनी तासभर सोललं, मध्ये आईनं दिलेले पोहे खाल्ले, पोहे चांगले झाल्याचं सांगितलं आणि हात धुऊन पुन्हा भांडायला बसले.

वाक्य असं होतं, की गनिमी कावा हीच मराठी माणसाची लढायची रीत. माझे वडील कारखान्याच्या युनियनमध्ये होते, घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त. त्यामुळे असली वाक्यं मला न शिकवता येतात. मास्तरांना त्यातला 'हीच' खुपला होता.

"हीच म्हणजे कवापासून? त्याच्या आधी हजार वर्षं आपण काय भजी तळत होतो?"

मास्तर मूळचे आमच्या कुरवंड्याचेच. लोणावळ्यात एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांनी सगळी शतकं शिकवली, पण राहायला निवडलं ते सातवं. तेव्हा इथे चालुक्यांचा पुलकेशी राज्य करत होता आणि ह्युएन त्संग नावाचा चिनी भिक्षू त्याच्या मुलखातून फिरून गेला. त्यानं इथल्या माणसांबद्दल लिहून ठेवलं आहे: उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत, संकटात कुणी हाक मारली तर स्वतःला विसरून धावतात. आणि सूड घ्यायचा झाला, तर शत्रूला आधी कळवतात. बाकीचे लोक हे पाठ करून मार्क मिळवतात. मास्तरांनी ते अंगी लावून घेतलं.

"आधी कळवावं," हा त्यांचा मंत्र. वाण्याच्या काट्याचा संशय आला, तेव्हा त्यांनी दुकानात जाऊन हळूच सांगितलं, की उद्या सकाळी गिऱ्हाईक असताना तुझ्या काट्याबद्दल बोलणार आहे. सकाळी काटा सुतासारखा सरळ. मास्तरांच्या मते निम्मी भांडणं कळवल्याबरोबर मरतात, उरलेली लढण्याच्या लायकीची असतात. काकू होत्या तेव्हा त्यांनाही सूट नव्हती. जेवताना मास्तर सांगायचे, "उद्या आमटीबद्दल बोलणार आहे." काकू म्हणायच्या, "उद्या आमटीच न्हाई. काय बोलायचं ते आत्ता बोला." मास्तर आणखी आमटी वाढून घ्यायचे. पुलकेशीच्या राज्यात एवढी एकच प्रजा त्यांना पुरून उरली. काकू गेल्या, आता ते एकटेच दोन खोल्यांत राहतात आणि आमटी स्वतः करतात. तिच्याबद्दल कुणाला कळवत नाहीत.

त्या चिनी भिक्षूनं असंही लिहिलं आहे, की लढाई हरलेल्या सेनापतीला इथले लोक बायकांचे कपडे द्यायचे. मी मास्तरांना खिंडीत गाठलं. बायकांचे कपडे ही शिक्षा कशी काय? मास्तरांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"तो भाग परीक्षेला नाही."

मी सोडलं नाही. चार दिवसांनी ते आपणहून आले आणि दारातूनच म्हणाले, "इचार केला. तितं आपले लोक चुकले." तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या चुकीची अशी कबुली मी तरी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेली नाही.

शनिवार-रविवारी नागफणीच्या सुळक्याकडे पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. त्यातल्या कड्यावर उभं राहून दरीत किंचाळणाऱ्यांना मास्तर 'हूण' म्हणतात. हूणांचा राजा मिहिरकुल कड्यावरून हत्ती ढकलून त्यांच्या किंकाळ्या ऐकत बसायचा, अशी दंतकथा आहे. "ह्यांना हत्ती परवडत न्हाई, म्हणून सोताच वरडत्यात," असं मास्तरांचं निदान. पण हूण उन्हानं भोवळ येऊन खाली बसला, की त्याला तांब्याभर पाणी देणारेही तेच. उपकाराचा आणि अपमानाचा हिशेब ते वेगळा ठेवतात.

आता फाटकाची गोष्ट.

आमच्या वाडीतून एक पायवाट ओढ्याकडे उतरते. गुरं पाण्यावर जातात ती तिथूनच, पलीकडच्या शेतांना जायचं तेही तिथूनच. ओढ्याच्या काठी दोन जुने वीरगळ आहेत. कुणाच्या तरी गुरांसाठी लढता लढता मेलेली माणसं त्यांवर कोरली आहेत. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, पण वाडी दर वर्षी त्यांना नारळ फोडायची. मध्ये एका बंगलेवाल्यानं वाटेच्या दोन्ही अंगांच्या जमिनी घेतल्या आणि वाटेवरच लोखंडी फाटक बसवलं. ओढ्यावर जायला आता डांबरी रस्त्यानं मोठा वळसा पडतो. गुरं वळसा घेत नाहीत, ती फाटकापाशी उभी राहून हंबरतात. वडगावला तहसिलीत अर्ज दिला आहे, त्याचं व्हायचं ते होईल. पण वाट चालली नाही तर ती उद्या कागदावरसुद्धा राहणार नाही, हे मास्तरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं.

मालक मुंबईला असतो. मास्तरांनी त्याचं नाव हर्षवर्धन ठेवलं आहे. "मोठा राजा. शूर, दानी. माझा राग न्हाई त्याच्यावर. फक्त पुलकेशीनं त्याला नर्मदेवर थांबवलं होतं, त्यानं तितंच थांबावं." आमची नर्मदा म्हणजे तो ओढा. उन्हाळ्यात त्यात घोटा बुडत नाही.

यातली अवघड बाब अशी, की त्या जमिनींतली एक मास्तरांच्या धाकट्या भावाची, किसनकाकांची होती. ती त्यांनी विकली आणि त्याच जमिनीच्या फाटकावर ते वॉचमन झाले. आमच्याकडे असे बरेच आहेत. स्वतःच्या बांधावर दुसऱ्याची काठी घेऊन बसलेले. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद आहे, असं सगळी वाडी म्हणते.

मास्तर फाटकावर मोर्चा काढायचे. म्हणजे आधी कळवायचे. अमुक वारी अमुक वाजता आम्ही या वाटेनं जाणार, असं स्वतः जाऊन सांगून यायचे. साहजिकच त्या दिवशी बाहेरून धट्टेकट्टे रखवालदार मागवलेले असायचे. आम्ही जायचो, ते अडवायचे, मास्तर फाटकाला हात लावून वीरगळांच्या दिशेनं नमस्कार करायचे, की झालं. असं तीन-चारदा झाल्यावर मी ठरवलं, पुलकेशी पुरे. गुरुवारी उजाडताच, कुणाला न सांगता, अख्खी वाडी गुरांसकट न्यायची. फाटक उघडं दिसेल त्या क्षणी आत. मास्तरांना मी विश्वासात घेतलं. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती असं मी समजले.

गुरुवारी उजाडताच आम्ही गेलो, तर फाटकाला आडवा ट्रक, समोर रखवालदारांची रांग आणि खुर्चीत चहा पीत मॅनेजर. म्हणाला, "या, वेळेवर आलात."

वाडी काय समजायचं ते समजली. मास्तरांनी आढेवेढे घेतले नाहीत. "मी कळवलं," म्हणाले. परतताना त्यांच्याबरोबर कुणी चाललं नाही. फितूर हा शब्द कुणीतरी पुरेसा मोठ्यानं उच्चारला. मी पुढे होऊन त्यांना एवढंच सांगितलं, की उद्या सकाळी तुमच्याशी भांडायला येणार आहे.

मी गेले तेव्हा मास्तर इस्त्रीच्या सदऱ्यात बसले होते. माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती, चहा झाकून ठेवला होता. मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. पत्रकात छापण्यासारखं त्यात थोडंच होतं. तुमच्या चिनी पाहुण्यापायी आमची गुरं तहानेनं मरतील, हे त्यातलं सौम्य वाक्य. मास्तरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुरुवारी किसनाची ड्यूटी असती."

मला कळेना.

"तू न सांगता अख्खी वाडी घिऊन फाटकावर गेलीस, तर समोर कोण? मालक मुंबईला. मॅनेजर गाडीत. काठी घिऊन किसना. त्यानं काठी उगारली, तर वाडी त्याला जन्मात उंबऱ्याशी उभं करायची न्हाई. न्हाई उगारली, तर नोकरी गेली. मी कळवलं, की तो वर सांगतो आणि रजा टाकतो. मग भाडोत्री माणसं येत्यात. त्यांच्याशी लढायला माझी काय हरकत न्हाई."

म्हणजे दर वेळी कळवायला तुम्ही मॅनेजरकडे जात नव्हता, मी म्हणाले.

"मॅनेजर कोण? फाटकापाशी जातो. किसना खुर्ची पुढं करतो. मी बसत न्हाई, उभ्यानंच सांगतो. तो व्हय म्हणतो." मग ते म्हणाले, "मागच्या टायमाला त्यानं इचारलं, गुडघा कसा हाय. मी म्हटलं, तो आजचा इषय न्हाई."

हे सांगताना मास्तर हसले. जमीन विकल्यापासून दोघा भावांत झालेलं बोलणं एवढंच आहे, हे मला त्या हसण्यातून कळलं. मी चहा संपवला. भांडण माझ्या हातून सुटत चाललं होतं, म्हणून मी शेवटचा खडा टाकला. किसनकाकांनी जमीन विकली, तेव्हा त्यांनी तुम्हाला आधी कळवलं होतं?

मास्तरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"न्हाई. तेवढं न्हाई कळवलं त्यानं. कळवलं असतं तर भांडलो असतो. भांडलो असतो तर मिटलं असतं."

त्या दिवसापासून मी पत्रकात 'गनिमी' हा शब्द जपून वापरते. घाबरून नव्हे. अचानक झडप घालायला हिंमत लागते हे खरं, पण ज्याच्यावर चालून जायचं त्याच्या समोर उभं राहून दिवस आणि वेळ सांगायला तिच्याहून जास्त लागते. आणि आपल्या वाटेवर आपण चोरासारखं का जायचं? चोरी फाटकवाल्यानं केली आहे.

परवा मास्तर पुन्हा कळवायला गेले, तेव्हा मीही बरोबर होते. किसनकाकांनी खुर्ची पुढे केली. मास्तर बसले नाहीत. या येत्या रविवारी, सकाळी आठ वाजता, वाडी गुरांसकट या वाटेनं ओढ्यावर जाणार, असं त्यांनी सांगितलं. किसनकाका व्हय म्हणाले. एरवी इथे संपतं. पण मास्तर निघाले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून तसेच उभे राहिले आणि ओढ्याकडे बघत म्हणाले, "दुखतो थोडा. जिना चढताना."

तर वाचकहो, रविवारी सकाळी आठ वाजता कुरवंड्याला या. पायांत चालायच्या चपला घाला, आणि जमलं तर एक नारळ आणा, वीरगळांना पुष्कळ दिवसांत मिळालेला नाही. आणि तुमच्यापैकी कुणी त्या बंगलेवाल्याला ओळखत असेल, तर त्याला आजच फोन करून आम्ही येतो आहोत हे नक्की सांगा.