धाडचा बाळूदादा आणि डब्याचा बँजो

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नाही. अशा माझ्यासारख्यानं कुणाविषयी लिहावं, हे जरा जास्तच होतंय. चुकलंमाकलं तर माफ करा.

पण धाड गावचा बाळूदादा मनातून जात नाही. तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो आणि खोलण्याआधी त्यांना कान लावतो. "हिचा सूर उतरला बे, बेअरिंग गेलं," म्हणतो. आणि बेअरिंगच गेलेलं असतं. एकदा तर लग्नाच्या पंगतीतून उठून आचाऱ्याला सांगून आला, "तुमचा मिक्सर आठ दिवस काढन, जास्त नाही."

मी सहा महिने मोबाइलवर पाहून गिटार शिकलो. अमेरिकेतल्या खेड्यांतली गाणी, कंट्री, ब्लूज, ब्लूग्रास. बोटांना फोड आले. एकदा बाळूदादाच्या दुकानात माझ्या मोबाइलवर ती गाणी वाजत होती.

"थांब बे सुन्या," तो म्हणाला. "हे लोकही आपल्यासारखेच रडता रडता नाचून राह्यले."

दुसऱ्या दिवशी त्यानं तेलाच्या डब्याला फळी ठोकली, क्लचवायरचे पदर ताणले आणि बँजो केला. मला सहा महिन्यांत न जमलेलं गाणं त्यावर वाजवलं. मला फार आनंद झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं.

माझा वर्गमित्र इरफान ढोलकीवर आला. बँडचं नाव ठेवलं 'धाड एक्सप्रेस'. गावाला रेल्वे नाही, असं मी म्हटलं. बाळूदादा म्हणाला, "म्हनून तं पाह्यजे!"

खंजिरी भजनाच्या ठेक्यावर ब्लूज, असे चार कार्यक्रम झाले. लोक फक्त डब्याकडे पाहायचे. चौथा कार्यक्रम कॉलेजच्या गॅदरिंगला होता. पोरं "बाळूदादा, वन्स मोअर!" म्हणून ओरडत होती. माझं नाव घ्यायचं निवेदक विसरला.

सकाळी मी त्याच्या दुकानात गेलो.

"दादा, कॉलेजचा नियम हाय. बँडमधी शिकणारेच लागतात. बाहेरचा मानूस चालत नाही."

असा काही नियम नव्हता.

"असं काय?" मोटार पुसता पुसता तो म्हणाला. "मंग नियमच हाय तं तू काय करशीन?" आणि मला चहा पाजला.

त्याच्याशिवाय आम्हाला कुणी बोलावेना. दोन महिन्यांत बँड संपला. मी धाडला जाणं सोडलं.

परवा इरफान तिकडे जाऊन आला, तेव्हा कळलं. बाळूदादानं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. पास झाला, गणितात काठावर. आता आमच्याच कॉलेजात अकरावीला नाव घातलंय. खिशातून ओळखपत्र काढून त्यानं इरफानला दाखवलं आणि म्हणाला, "आता तं मी बाहेरचा नाही ना बे? सुन्याले विचार, प्रॅक्टिस कधी हाय."