बाबीभाऊंची बॅटरी

रविवारी काळाचौकीच्या आमच्या चाळीत लोक मासळी घेऊन जिना चढायचे. बाबीभाऊ बॅटरी घेऊन चढायचे. टॉवेलात गुंडाळून खांद्यावर, एक हात तिच्या पाठीवर. कोणी मदतीला गेलं की ओरडायचे, “हलवू नको रे, ॲसिड आसा!”

बाबीभाऊ गिरणीत वायरमन होते. संपात नोकरी गेली, टेस्टर तेवढा राहिला. पुढे घरोघरी वायरिंग करून त्यांनी भंगारातली मिनीबस घेतली, रे रोडला लाकडाच्या वखारीमागे विटांवर चढवली आणि आत घरच केलं. फळ्यांचा पलंग, स्टोव्ह, छोटा पंखा, एक दिवा. गाडी कुठेच जात नसे. बॅटरी मात्र दर रविवारी घरी येऊन चार्ज होऊन जायची.

“वैनी, अर्ध्याच्या खाली उतरूक देवची नाय. पुरी उतरली की मगे चार्ज धरणा नाय.”

“पण गाडी घेऊन गावाला निघणार कधी?” मी विचारलं.

“चार्ज होऊ दे.”

अर्धवट काम मला बघवत नाही. प्रवासाच्या तयारीची सोळा कलमांची यादी करून मी एका दुपारी वखारीमागे गेले. गाडीत सागवानाचा वास होता. उन्हाच्या तिरिपेत भुसा तरंगत होता, पंखा संथ फिरत होता. पलंगावर टेकले, तर वाटलं, विटांवरची ही गाडी चाललीच आहे, खाडीच्या कडेकडेनं. यादी हातातच राहिली.

भर दुपारी दिवा चालू होता. बाबीभाऊ घड्याळ धरून बसले होते.

“दिवेलागणीपास्ना फाटफटीपर्यंत, रातभर जळाक होयो,” ते म्हणाले. “इंदूक काळोखात झोप येणा नाय.”

इंदू त्यांची बायको. संपात खोलीची वीज कापली गेली. वायरमनच्याच घरात अंधार! ती रात्र रात्र बसून काढायची. शेवटी माहेरी निघाली. तिच्या वाडीत अजून वीज पोचली नव्हती. जाताना म्हणाली, “थंय दिवे नाय, पण कोणी कापलेले तरी नाय.”

“आता खोलीत वीज आहे. बोलवा की तिला.”

“खंयच्या तोंडान? दिवो घेऊन जातंय. मगे इचारतंय.”

“आणि नाही म्हणाली तर?”

त्यांनी घड्याळाला चावी दिली. मी यादीच्या डोक्यावर लिहिलं: सोमवारी निघणे.

सोमवारी मिस्त्रीला बोलावून इंजिन चालू केलं, गाडी विटांवरून उतरली आणि इंदूच्या वाडीकडे निघाली.

महिन्याभराने बाबीभाऊंचं पत्र आलं. ‘इंदू खोलीवर येणार नाही म्हणते. गाडी अंगणात उभी आहे. दिवसा इंजिन चालवून बॅटरी भरतो. रात्री ती गाडीत झोपते, दिवा लावून. मी पडवीत. डिस्टिल्ड वॉटर पाठवावे. काल विचारत होती, पडवीत डास चावतात का.’