तांबड्या पट्टीच्या मानाची हकीकत

श्रीधन्वंतरीस दंडवत, आणि त्याच्या दाराशी तिष्ठत राहिलेल्यांस त्याहूनही लवून. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजितनाम संवत्सरे, चैत्र शुद्ध पंचमीस धन्यांनी भरदरबारी आज्ञा केली की, परमुलखी रोगी बरे होतात आणि आपुल्या राज्यी मरतात, याचा भेद शोधून आणावा. तेव्हा कारकून निळोपंत हसबनीस पुढे जाहाले आणि मुजरा करून बोलिले, "स्वामी, मजला पाठवावे." कारण की त्यांची वडील लेक, मानकऱ्यांच्या पालख्या आत जाईतोवर, दवाखान्याच्या दारी बाळंतवेणांत गतप्राण जाहाली होती, धाकटी सगुणा तरी वाचावी, एवढाच पंतांचा हेत. मग पंत गलबतावर बसोन पश्चिमेच्या एका बेटास पावले आणि तेथील दवाखाना पाहोन थक्क जाहाले. काय वर्णावे! ना भालदार, ना चोपदार. दाराशी एक पोक्त बाई बाह्या सरसावून उभी, येईल त्याची नाडी पाही, डोळे पाही आणि मनगटी पट्टी बांधी. जीव जात असेल त्यास तांबडी, तो आधी आत. थोडके थांबवेल त्यास पिवळी. नुसता कण्हेल त्यास हिरवी. पंतांस प्रवासात पोटशूळ लागला होता, म्हणोन तेही पुढे सरले आणि दुभाष्याकरवी सांगविले की, आम्ही थोर राज्याचे वकील. बाईने पोट दाबून पाहिले आणि हिरवी बांधिली. "वकील असा की राजे असा, बाकावर बसा. पोट दुखते आहे, जीव जात नाही." इतक्यात एक कोळीण आणिली, बाळंतवेणांत रक्त जाऊन पांढरी पडलेली, तीस तांबडी बांधिली, आणि खुद्द त्या बेटाचा राजा, हात मोडोन बाकावर बसला होता, तो बाईच्या एका शब्दासरशी उठोन वाटेतून बाजूस जाहाला. घटकेभराने आत लेकरू रडले, आणि पंतांच्या डोळ्यांस धार लागली. पोटशूळ कोठे गेला, कळले नाही.

मग पंत परतले, तो सगुणेस तिसरा महिना लागला होता. दरबारी हकीकत निवेदिली, सभा विस्मित जाहाली, आणि धन्यांनी तत्काळ तैसाच दवाखाना उभारविला, तैसाच बाक, तैशाच पट्ट्या. तांबडी मात्र रेशमी, जरीकाठी. मग प्रश्न उपजला की, तांबडी कोणास? सरलष्कर मकाजीराव मिशीस पीळ देऊन बोलिले, "आधी आत जाण्याचा मान आमच्या घराण्याचा. आम्ही काय हिरवी बांधोन बाजारबुणग्यांत बसावे?"

"रावसाहेब, तो मान नव्हे, तो धोका."

"धोक्यासही आम्हीच पुढे असतो, पंत!"

सभा खदखदून हसली, आणि धनी संतोषले, आणि तांबडीच्या वंशपरंपरेच्या सनदा जाहाल्या. दाराशी बाईऐवजी चोपदार ठेविला, ज्यास सारी घराणी तोंडपाठ. पुढे सगुणेचे दिवस भरले आणि रक्त थांबेना. पंतांनी लेकीस हातांवर घेऊन दार गाठिले, तो आत मकाजीरावांची दाढ दुखत होती आणि वैद्य समस्त दाढेपाशी होते.

"पंत, कारकुनी घराण्यास पिवळी आहे," चोपदार म्हणाला. "ती बांधितो."

"अरे, मरते आहे ती!"

"मला दिसते. सनदेस दिसत नाही."

दाढ निघाली तेव्हा सगुणा नव्हती, तिचे लेकरूही नव्हते. मग धनी स्वतः समाचारास आले आणि मेहेरबान होऊन प्रेताच्या मनगटी स्वहस्ते तांबडी रेशमी पट्टी बांधिली. केवढा तो सन्मान, लोक थक्क जाहाले. मग धन्यांनी पुसिले, "पंत, सारेच तर आणिले होते. राहिले काय?"

पंत लेकीच्या हातची पिवळी सोडवीत होते. "दाराशी उभी होती ती बाई राहिली, महाराज. तिने राजास उठविले होते."

"इतुकेच ना?" धन्यांचे मन हलके जाहाले. "आमच्या आत्याबाईंस नेमू."

एवंच, परराज्य पाहिले, वाखाणिले, जैसेचे तैसे उतरोन आणिले. आत्याबाई पालखीतून येतात. परदेशीचे पाहुणे दवाखाना पाहोन आजही विस्मित होतात. बाक अद्याप नवाच आहे, धनी त्यावर एकदाही बसले नाहीत.