सोपानकाका नंबर बदलत नाहीत

आमच्या वस्तीवरचे सोपानकाका रोज सकाळी शेळ्या चारायला न्यायचे, आणि शेळ्यांबरोबर गावातले मोबाईलसुद्धा.

यात माझ्या पदरचं काही नाही. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पुढं शेळ्यांचा कळप आणि गळ्यात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. पिशवीत अख्ख्या वस्तीचे फोन. शिरड शहापूरहून आत वळलं की आमची वस्ती लागते ती खोलगटात. मोबाईल नवे नवे आले तेव्हा लोकांनी हौसेनं घेतले, पण घरात आणले की ते मुके. देवळीत ठेवायचे आणि वेळ बघायची. रेंज मिळायची ती फक्त वरच्या माळावर, जिथं काकांच्या शेळ्या चरायच्या. मग एकानं म्हटलं, "काका, माझ्या मेव्हण्याचा फोन येणार हाय, एवढा डबडा घेऊन जा बरं वर." दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं दिला. बघता बघता पिशवी भरली.

कोणाचा फोन कुठला हे कळावं म्हणून काकांनी प्रत्येकाला रंगीत दोरा बांधला होता. माझ्या सासूबाईंच्या फोनला पिवळा, शेजारच्या केरबाभाऊंच्या फोनला लाल. संध्याकाळी कळप कोंडून झाला की ते दारोदार फोन वाटत फिरायचे.

"घ्या तुमचा. आज पोट भरून चरला." म्हणजे बरेच फोन आले.

"ह्यानं आज तोंडसुदिक लावलं न्हाई." म्हणजे एकही नाही.

निरोप मात्र जसाच्या तसा कधी मिळायचा नाही. त्यात काकांची भर असायचीच. केरबाभाऊंना एकदा म्हणाले, "तुमच्या साडूच्या पोरीचं लगीन ठरलं. घरच्या समद्यांना बोलावलंय. मी त्याला म्हणलं, थोरल्या पोरीच्या लग्नात वरण पातळ झालं व्हतं म्हणं, आवंदा आचारी बदल. तो म्हणला, बराबर."

केरबाभाऊ हतबुद्ध. "आवो काका, तुमी व्हते का त्या लग्नात?"

"मी काहून असंन? तुमीच आल्यावर बोंबलत व्हते न्हाई का?"

फोनवर पोक्त बाई असली की काका दगडावरून उठून उभं राहून बोलायचे. माणूस देवमाणूस आहे असं वाटलं की पटका सारखा करायचे. चुकून लागलेला फोनही ते वाया जाऊ द्यायचे नाहीत. पाऊसपाणी, गुरंढोरं, पोरंबाळं सगळी विचारपूस करूनच सोडायचे. जालन्याकडचा कोणी एक माणूस असाच चुकून लागला होता. तो पुढं दिवाळीला आठवणीनं फोन करायचा.

मी पुसेगावची. लग्न होऊन या वस्तीवर आले तेव्हा मला हे सगळं अजब वाटायचं. काका माझ्या सासऱ्यांचे लांबचे चुलत भाऊ, घर आमच्या भिंतीला लागून. बायको वारून बरीच वर्षं झालेली, एक लेक, ती लग्न होऊन गेलेली. घरात काका एकटेच.

त्यांचा स्वतःचा फोन म्हणजे बघण्याची वस्तू होती. आकडे घासून गुळगुळीत, मागचं झाकण रबरानं बांधलेलं, पडद्यावर अर्धीच अक्षरं उमटायची. त्यावरून त्यांना फोन लावता यायचा नाही, बटणंच दबत नव्हती. आलेला फोन तेवढा उचलता यायचा, तोही मांडीवर दोनदा आपटून.

मग वस्तीजवळ एका नव्या कंपनीचा टॉवर उभा राहिला. त्या कंपनीचं कार्ड घेतलं की घरात, चुलीपाशी, अगदी न्हाणीतसुद्धा रेंज. वरून कार्डाबरोबर रंगीत पडद्याचा फोन. महिन्याभरात सगळ्या वस्तीनं कंपनी बदलली. काकांची पिशवी रोज थोडी थोडी हलकी होत गेली आणि एके दिवशी तिच्यात फक्त त्यांचा एकट्याचा फोन उरला.

लोकांना जरा चुटपुट लागली. माणसानं इतकी वर्षं आपले निरोप वाहिले, आणि आपण त्याला एका दिवसात मोकळं केलं. मंदिरापुढं बसून ठरलं की सगळ्यांनी मिळून काकांना नवा फोन घ्यायचा. आमचे मालक हळदीची पोती घेऊन टेम्पोनं वसमतला जायचे, त्यांच्यावर हे काम आलं. मला वसमतला दातांच्या डॉक्टरांकडं जायचंच होतं. काका आणि मी दोघंही टेम्पोत पुढं बसलो.

दुकानदारानं नवा फोन काकांच्या हातात ठेवला. "चाचा, देखो. कलर है, रेडिओ है, टॉर्च भी है."

काकांनी आधी फोनचा वास घेतला. मग हातावर तोलला. टॉर्च लावून तिचा उजेड टेबलाखाली पाडला. "रातीला शेळी याली तर बराबर दिसंन," असं स्वतःशीच म्हणाले. रेडिओ लावला, कानाशी धरला आणि चेहरा असा उजळला की आमच्या मालकांनी मला कोपर मारून खुणावलं, झालं काम.

"नंबर ह्योच ऱ्हाईन ना?" काकांनी विचारलं.

"नंबर तो बदलेगा चाचा. कंपनी बदली तो नंबर बदला. उसमें क्या है?"

"अन् माझं जुनं कार्ड ह्याच्यात घातलं तर?"

"नहीं चलेगा. इसमें इसीच कंपनी का चलता."

काकांनी रेडिओ बंद केला. टॉर्च बंद केली. फोन पंच्याच्या टोकानं पुसून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "न्हाई जमत."

येताना वाटभर मालक विचारत राहिले, "काहून न्हाई जमत?" काका म्हणाले, रंगानं डोळ्याला तकलीफ होती. केरबाभाऊंना त्यांनी सांगितलं की रेडिओच्या नादानं शेळ्या दुसऱ्याच्या रानात घुसतील. माझ्या सासूबाईंना सांगितलं, नव्या फोनचा वास लई वंगाळ येतो. तिघांनी एकमेकांची कारणं ताडून पाहिली आणि वस्तीत चर्चा सुरू झाली. म्हाताऱ्याला भाव आला. आपण इतक्या मायेनं द्यायला गेलो तर नाक मुरडून राहिला. केरबाभाऊ तर आठवडाभर काकांशी बोलले नाहीत.

मला मात्र दुकानातला तो उजळलेला चेहरा आठवत होता. फोन त्यांना आवडला होता. मग अडलं कुठं?

एका बुधवारी दुपारी सासूबाईंनी काकांसाठी ठेचा-भाकर बांधून दिली, ती घेऊन मी माळावर गेले. मनात म्हटलं, आज समजावून बघू. काका पाठमोरे, दगडाजवळ उभे होते. उभे होते म्हणजे फोनवर कोणी पोक्त बाई होती.

"ताप उतरला आता तिचा. दोन दिस सलाईन लावली व्हती शिरडला. तुमाला बोलली नसंन ती... न्हाई, सासू काई वाईट न्हाई. तोंड चालतं मधून मधून, पन मनानं साफ हाय. सलाईन लावली तवा उशाशी तीच बसून व्हती. पोरगी वाळली जरा. आवळ्याचं लोणचं धाडा, त्यावर जेवण जाईन तिला."

मी जागच्या जागी थांबले. ताप मला आला होता. सलाईन मला लावली होती. आणि दोनच दिवसांपूर्वी मायच्या शेजारणीच्या फोनवर मी तिला सांगितलं होतं, "मी बरी हाय, माय."

मला वाटायचं, आईचं काळीज असतं, त्याला सगळं कळतं. पहिल्या वर्षी मी घरच्या आठवणीनं झुरत होते तेव्हा माय अचानक मुक्कामाला येऊन गेली. सासूबाईंशी माझं वाजलं तेव्हा वडील सहज म्हणून येऊन टेकले, सासूबाईंना साडी देऊन गेले. त्या काळजाचा टॉवर इथं माळावर उभा होता, हे मला ठाऊक नव्हतं.

काकांनी फोन ठेवला, वळले आणि मला बघून चपापले.

"काका, तुमी माझ्या चुगल्या करता मायपाशी?" मला रागच आला होता.

"चुगल्या कशाच्या?" काका खाली बसले. "एकदा तुझ्या सासूच्या फोनावर तुझी माय बोलली. म्हणली, भाऊ, माझी लेक कशी हाय? मी म्हणलं, बरी हाय. ती म्हणली, बरी हाय ते तर लेकबी सांगती. खरं काय ते सांगा. आता आईनं असं इचारल्यावर खोटं कसं बोलावं? मग म्हणलं, माझ्या फोनावर करत जा."

"दर बुधवारी?"

"बाजारच्या दिशी. बूथवरून करती. तिला वाचता येत न्हाई, पन माझा नंबर तिनं गाण्यावानी पाठ केला हाय." काकांनी कळपाकडं एक नजर टाकली. "तू एकलीच न्हाई. केरबाच्या सुनेची आई करती. खालच्या आळीतल्या शांताची मावशी करती. समद्या दुसऱ्याच्या दारात जाऊन, न्हाई तर बूथावरून. मला काई त्यांना उलटा फोन करता येत न्हाई. नवा नंबर समद्यांना सांगून पाठ कधी व्हायचा? बदलला तर त्या जुनाच लावतील, अन् कोणी उचलायचंच न्हाई. ह्या वस्तीवरून लेकीची खबर बंद झाली, असं वाटंन त्यांना."

म्हणजे कारण इतकं साधं होतं, आणि सांगता येण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तर वस्तीतल्या सगळ्या सासवा खवळल्या असत्या.

माझा राग कुठं गेला ते कळलं नाही. मी भाकरीचं फडकं सोडून त्यांच्यापुढं ठेवलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुमची लेक कुठं दिली काका?"

"तुझ्या पुसेगावापसून कोसभर. पल्याडच्या वाडीत."

"कोसभर? मग माझ्या मायला कधी सांगितलं न्हाई, जरा बघून या म्हणून?"

"तुझी माय तुझ्या काळजीनं फोन करती. त्यात मी माझी काळजी कुठं घालू?" काकांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "लेकीचा फोन येतो मला. बाबा, बरं हाय. मी म्हणतो, मीबी बरा हाय. झालं. तिच्या गावात कोणी शेळ्या राखणारा भेटला असता तर इचारलं असतं."

त्या रात्री मी मालकांना एवढंच सांगितलं, काकांना फोनचं परत बोलू नका. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. उलट पुढच्या खेपेला काकांचा जुना फोन वसमतला नेला आणि दुरुस्त करून आणला. त्या फोनची बटणं मिळेनात, म्हणून कारागिरानं दुसऱ्याच कुठल्या फोनची लाल बटणं बसवली होती. काळ्या फोनवर लाल बटणं. काका म्हणाले, "घ्या, झाला कलर." केरबाभाऊ हसले आणि पुन्हा बोलायला लागले.

मी मात्र गप्प बसले नाही. मायला निरोप पोचवला. माय शेळीचं करडू बघायचं निमित्त काढून त्या वाडीत जाऊन आली. पुढच्या बुधवारी मी मुद्दाम माळावर गेले. फोन वाजला. काका उठून उभे राहिले. मायचा आवाज मुळातच एवढा मोठा की मलाही शब्द न शब्द ऐकू येत होता.

"भाऊ, तुमच्या लेकीला बघून आले म्या."

काकांनी माझ्याकडं पाहिलं.

"अंगानं बरी हाय. सासरा अंथरुणाला खिळलाय, त्याचं समदं तीच करती. हात भेगाळलेत पोरीचे. नवरा कमी बोलतो, पन माझ्यादेखत पाण्याचा हंडा त्यानंच आणला. थोरलं लेकरू शाळंत जातं. धाकटं तुमच्यावानी बडबडं हाय. च्या प्यायल्याबिगर उठू दिलं न्हाई मला."

"व्हय?" काका म्हणाले. मग घसा खाकरून, "अजून सांगा."

"मला पोचवायला शिवेपोत आली. तिथं माझा हात धरला अन् म्हणली, मावशी, तुमची लेक माझ्या बाबाच्या शेजारी हाय ना? मग खरं सांगा, बाबा कसे हायेत? माझ्यापाशी निस्तं बरं हाय म्हणतेत."

माळावर वारं सुटलं होतं. काकांनी पटक्याचं टोक डोळ्याला लावलं.

"तिला सांगा, बरा हाय म्हणून."

"तुमचं न्हाई ऐकायची म्या," माय म्हणाली. "फोन माझ्या लेकीपाशी द्या."

काकांनी फोन पुढं केला आणि माझ्याकडं पाठ करून शेळ्यांकडं बघत उभे राहिले.

"माय," मी म्हटलं, "काकांचा उजवा गुडघा सुजतो. माळ चढताना मधी दोनदा बसतेत. सांजच्याला चूल पेटवत न्हाईत, सकाळचीच भाकर पाण्यात कुस्करून खातेत. आमी बोलावलं तर येत न्हाईत. सणासुदीला लेकीची वाट बघतेत, अन् कोणी इचारलं तर म्हणतेत, मीच नगं म्हणलं तिला. बाकी... बाकी बरे हायेत."

मी थांबले. काका वळले नाहीत. शेळ्यांकडं बघतच हळूच म्हणाले,

"अन् खोकला. खोकला सांगायचा राहिला."