मागच्या इंजिनाचे भाऊ

आमच्या इमारतीत सकाळी जिना उतरायचा असेल तर आधी श्वास सोडून दाखवावा लागतो. दाखवायचा शेडगे भाऊंना. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, पण सकाळी त्यांचा मुक्काम दुसऱ्या मजल्याच्या वळणावर असतो. लेंगा, रेल्वेतून उरलेला निळा स्वेटर, आणि रेल्वेच्या फाटकासारखा आडवा धरलेला हात.

"ब्रेक टेस्ट झाली का?"

झाली म्हणून चालत नाही. समोर उभं राहून पोट आत जाईपर्यंत श्वास सोडायचा, खांदे पाडायचे, मग हात वर होतो. शाळेची पोरं, कामाला निघालेल्या बायका, सगळ्यांना हाच नियम. गॅसवाल्यानं एकदा खांद्यावर भरलेलं सिलिंडर घेऊन ब्रेक टेस्ट दिली. भाऊ म्हणाले, "खांदं पडलं न्हाईत." तो म्हणाला, "पाडले तर सिलिंडर पडंल की!" तेव्हापासून तो खालूनच हाक मारतो.

भाऊ मूळचे इथल्याच, लोणावळ्याजवळच्या औंढ्याचे. नोकरी रेल्वेत, आणि तीही घाटात. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिन लावतात. त्याला बँकर म्हणतात. भाऊ त्या बँकरचे ड्रायव्हर. निवृत्त झाले तरी घाट काही त्यांच्यातून उतरला नाही. "चढाला इंजिन लागतं, उताराला ब्रेक," हे त्यांचं आवडतं वाक्य. "चढताना गाडी लय झालं तर थांबंल. उतरताना सुटती. माणूस बी तसाच. घरातनं भायेर पडायच्या आदी थांबून बगायचं, ब्रेक लागतोय का."

मी सोसायटीची सेक्रेटरी. पाणी, गळती, पार्किंग, कुत्री अशा माझ्या याद्या असतात, आणि मी त्या निकालात काढते. भाऊंचा विषय मात्र दर महिन्याला पुढच्या यादीत जायचा. कारण जिन्यावर भागत नव्हतं. ताण घालवायचा जो उपाय कानावर पडेल तो भाऊ करायचे, आणि दुसऱ्याला करायला लावायचे. वलवणच्या बाजूला सकाळी हास्यक्लब भरतो. तिथे ते इतक्या गंभीरपणे हसले, की बाकीच्यांचं हसू थांबलं. फोनपासून सुटका म्हणून त्यांनी फोन इंद्रायणी तांदळाच्या डब्यात पुरला. तो डब्यात वाजायला लागला की खालच्या मजल्यावरच्या मावशी धावत वर जायच्या, "भाऊ, तांदूळ वाजतोय!" शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या वाटेवर गाड्या अडकल्या की हे काचेवर टकटक करून पर्यटकांना सांगणार, "हॉर्न सोडा, श्वास सोडा." एकानं त्यांना चिक्कीवाला समजून दोन पाकिटं मागितली.

आम्ही हसायचो. एवढा ताण या माणसाला आहे तरी कसला, असं कुणी विचारलं नाही. पेन्शन आहे. बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा नीलेश हिंजवडीत चांगल्या कंपनीत. गेल्या पावसाळ्यापासून तो इथेच होता. "घरनं काम चालतं त्याचं," भाऊ सांगायचे. "सारखी मीटिंग असती, म्हनून दार बंद." आजकाल निम्म्या घरांत हेच चालतं. कुणी पुन्हा विचारलं नाही.

मग मी शिबिर ठेवलं. विषय, रोजचा ताण. पुण्याहून एक बाई आल्या. पार्किंगमध्ये सतरंज्या टाकल्या, चहा सांगितला. बाई छान बोलत होत्या. रोज थोडं चाला, म्हणाल्या. पहिल्या रांगेतून भाऊंचा हात वर.

"पडल्या पडल्या जमंल का?"

"चालणं? ते कसं काका पडून करणार?"

सगळे हसले. बाईंनी पुढचं सांगितलं, झाडं लावा.

"पडल्या पडल्या?"

"नाही काका. पण गाणी ऐका, ते जमेल."

"ते करून झालं. न्हाई उपेग."

"मग मित्रांशी बोला."

"फोनच उचलवत न्हाई," भाऊ म्हणाले.

"अहो काका," बाई हसत म्हणाल्या, "असं पडून राहिलात तर ताण जाणार नाही, झोप येईल फक्त."

"झोप आली तरी चालंल," भाऊ म्हणाले.

त्यावर तर हशाच पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "भाऊ, आयुष्यभर बसून नोकरी केलीत, आता पडून निवृत्ती!" भाऊही हसले. शेवटी बाईंनी भ्रामरी शिकवली. डोळे मिटून भुंग्यासारखा आवाज करायचा. ही पडून जमते म्हटल्यावर भाऊंनी ती तीनदा विचारून घेतली.

त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या सान्यांची पुण्याची लोकल चुकली. कारण, ब्रेक टेस्ट. साने माझ्या दारात येऊन ओरडले, "तो म्हातारा तिथून हलला नाही तर मी लेखी तक्रार करीन." मी म्हटलं, आज बोलून टाकते. दुपारी वर गेले. वीज गेलेली, बेल वाजेना. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून भुंग्याचा आवाज येत होता.

आत गेले. आतल्या खोलीत कॉटवर नीलेश भिंतीकडे तोंड करून पडला होता. दाढी वाढलेली, अंगावर चादर. टेबलावर मिटलेला लॅपटॉप, त्यावर धूळ. आणि कॉटच्या शेजारी, खाली सतरंजीवर, भाऊ उताणे पडून छताकडे बघत भ्रामरी करत होते.

मला पाहून ते उठले. बाहेरच्या खोलीत आले, खुर्ची पुसली.

"मीटिंग न्हाई त्याची," ते म्हणाले. "नोकरी बी न्हाई. सोडली त्यानं. आला आन् पडला, त्यो पडलाच."

मी मला जे येतं ते केलं. प्रश्न विचारले. डॉक्टर? पुण्याला दाखवलंय, गोळ्या चालू आहेत. जेवतो? दोन घास. आंघोळ? कधी. मित्र येतात? यायचे.

"डाक्टर बोलले येळ लागंल," भाऊ म्हणाले. "किती, ते न्हाई बोलले."

माझे प्रश्न संपले.

"मी हे समदं आदी भायेर करून बगतो, ताई. लोकांवर. कुनाला जरा बरं वाटलं, तर हितं आनतो. पर त्याला उठवत न्हाई ना. म्हनून इचारतो, पडल्या पडल्या जमंल का."

"त्याला जरा जोर करून उठवलं तर?" मी म्हटलं.

भाऊंनी मान हलवली. "मागच्या इंजिनाला फुडचं काय दिसत न्हाई. समोर डबाच असतो. फुडचा डायवर शिट्टी मारतो, मग आपन मारायची, मग जोर लावायचा. त्याची शिट्टी आल्याबिगर मागनं ढकललं, तर मधलं डबं रुळावरनं उचलत्यात." आतल्या खोलीकडे बघत म्हणाले, "येवडी वरसं ढकललं. आता नुसता लावून उबा हाय. शिट्टीच येत न्हाई."

सान्यांचं काय बोलायचं ते मला आठवेना. मी निघाले, तर भाऊ दारात आडवे आले. हात मात्र आडवा नव्हता, जोडलेला होता.

"ताई, एक डाव तुमी करून दाखवता का? माझा आवाज ऐकून कटाळला असंल त्यो."

मी पन्नाशीची बाई, हातात पर्स. पर्स खाली ठेवली. आतल्या खोलीत सतरंजीवर आडवी झाले, डोळे मिटले, आणि बाईंनी शिकवला तसा आवाज काढला. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा निघाला. वीज नव्हती, पंखा बंद होता. त्या खोलीत माझा आवाज किती मोठा वाटत होता. डोळे किलकिले केले, तर शेजारी भाऊ मांडी घालून कॉटकडे बघत होते. डब्याच्या मागून बघावं तसे.

वर कॉट करकरली. मी डोळे उघडले. नीलेशनं आमच्याकडे वळून पाहिलं नाही. त्यानं हात बाहेर काढला, चादर ओढली, आणि डोक्यावरून घेतली. मग पुन्हा काही नाही.

मी उठून बसले. भाऊंनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

"बगितलं का ताई?" ते कुजबुजले. "शिट्टी दिली. ऐकली ना तुमी?"

मी त्या चादरीकडे पाहिलं.

"व्हय भाऊ," मी म्हणाले. "ऐकली."