भोईरकाकांचा गोल ओटा

पालेगावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये भोईरकाकांनी ज्याच्या पोटाला प्लायची पट्टी लावली नाही असा पुरुष सापडणं कठीण. माझ्या पोटाला लावली ती लिफ्टमध्ये. हातातली पातळ, लवचिक पट्टी त्यांनी न विचारता माझ्या शर्टावरून वाकवली, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "छे. वरून बरा हाय, खाली एकदम उतरतो. आपल्याला असा उतार नको."

"कशाचा उतार, काका?"

"ओट्याचा," ते म्हणाले आणि दुसऱ्या मजल्यावर उतरून गेले.

पुढे उलगडा झाला. काकांना स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधोमध एक ओटा बांधायचा होता. हल्ली सगळे ज्याला 'आयलंड' म्हणतात, तो. वर ग्रॅनाइट, आणि हॉलच्या बाजूने लाकडी, गोल. आता गोल म्हणजे नेमका किती गोल, हे ठरेना. म्हणून काका पट्टी घेऊन जगात फिरत होते. रिक्षाचा टप झाला, मेडिकलचं काउंटर झालं, गच्चीवरची पाण्याची टाकी झाली, आणि शेवटी सोसायटीचे चेअरमन झाले. चेअरमन भर मीटिंगमध्ये भडकले. काका शांतपणे म्हणाले, "नाराज कशाला होता? सगल्यात चांगला वाक तुमचाच हाय." चेअरमननी शर्ट खाली ओढून नीट केला. पण चेहऱ्यावरून वाटलं, माणूस आतून सुखावला.

काका मूळचे इथलेच. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांचं भाताचं शेत होतं. शेतीच्या जोडीला आयुष्यभर टेम्पो चालवला. सुतारकामाशी संबंध एवढाच, की टेम्पोतून लोकांची कपाटं पोचवली. पण आत्मविश्वास दांडगा. "अरे पवार, वलण म्हंजे काय ते मला नको शिकवू. अख्खी जिंदगी वलणंच घेतली," असं म्हणायचे. लाकूड असो, वॉचमन असो, नाहीतर जिल्हा परिषद असो, काकांचं मत एकच: "वाकेल! दम धर. वाकेल!"

आधी बुवापाड्याहून एक सुतार बोलावला होता. त्याने माप घेतलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काका, चौकोनी करून टाका. गोलात लई कटकट."

"चौकोनी तुझ्या घरात कर," काका म्हणाले.

सुतार गेला. काम काकांकडे आलं, आणि लाकूड धरून ठेवायला म्हणून मी.

पहिली फेरी उल्हासनगरची, कॅम्प दोनची. तिथल्या सिंधी प्लायवाल्या शेठने नीट विचारलं, "साईं, मुड़नेवाला प्लाय दो किसम का आता है. एक लंबाई में मुड़ता है, एक चौड़ाई में. कौन सा दूँ?"

"जो मुड़ता है वो दो," काका म्हणाले.

शेठने दिला. आम्ही त्याची गुंडाळी स्कूटरवर दोघांच्या मध्ये धरून आणली. घरी सोडवून ओट्याच्या सांगाड्याला लावला, तर गडी वरून खाली मस्त वाकतो, आणि आडवा मात्र ताठ उभा! काकांनी त्याला गोंजारलं, गुडघ्याने दाबलं, आई-बाप काढले. तो ढिम्म. परत कॅम्प दोन. "मैंने पूछा था ना, साईं!" म्हणत शेठने बदलून दिला, वर घरून आलेल्या डब्यातली कोकी, म्हणजे सिंध्यांची जाड, कांदा घातलेली पोळी, खाऊ घातली. काकांनी ती खाल्ली आणि जाता जाता त्याच्या गल्ल्याच्या टेबलालाही पट्टी लावून पाहिली.

दुसरा प्लाय बरोबर दिशेने वाकला. गोंद लावला, टेम्पोच्या जुन्या दोरांनी करकचून आवळला. काका दोन पावलं मागे सरून म्हणाले, "बघ! बोललो नव्हतो, वाकेल?" तेवढ्यात दोर सुटला. प्लाय फाडकन सरळ झाला, त्याच्या टोकाने फळीवरची लोणच्याची बरणी उडवली आणि ती फरशीवर फुटली. मी किंचाळलो. काका ओरडले. शेजारच्या वहिनी धावत दारात आल्या.

जनाकाकू, म्हणजे काकांच्या सौभाग्यवती, चार हातांवर भिंतीकडे तोंड करून भाकरी थापत होत्या. त्या थापतच राहिल्या.

मी काकांकडे पाहिलं. काकांनी नजर चुकवली, वहिनींना हातानेच 'काय नाय' अशी खूण केली आणि खाली बसून काचा गोळा करू लागले.

प्लाय पुन्हा चढवला. यावेळी दोरांवर भरवसा नव्हता, म्हणून गोंद धरेपर्यंत आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि पाठी त्या गोलाईला लावून रेटून धरली.

"अलीकडं तिला ऐकू येत नाय," मग काका म्हणाले. "कानाचं मशीन आणलंय. घालत नाय. बोलते, कानात कोंबरी खरवडते."

मला हसू आलं, आणि लगेच थांबलंही.

"पण तोंड समोर असलं का तिला सगलं कलतं. ओठ बघून वलखते. आयतवारी तिच्या बहिणी येतात, हॉलमधी बसून खिदळतात. ही भितारीकडं तोंड करून मासं तलते. सगल्या हसल्या का ही मागं वलून विचारायची, काय झालं? त्या बोलायच्या, काय नाय गं. आता ती विचारत पण नाय."

"म्हणून ओटा मध्ये?"

"हां. शेगरी मधी, तिचं तोंड मानसांकडं."

"पण मग सरळ का नको?"

"सरल ओट्यापुढं मानसं रांगेत बसतील, रेशनच्या दुकानावानी. कडेचा मानूस तिला दिसायचा नाय. गोल असला का सगल्यांची तोंडं तिच्याकडं." त्यांनी पाठ आणखी जोरात रेटली. "तू नीट रेट. ढिला परलास."

ओटा झाला. प्लायवर सागाच्या उभ्या पट्ट्या बसल्या, पॉलिश झालं, शेगडी सरकली. एका जागी जोड उघडा दिसतो, तिथे पाहुणे यायच्या आधी काका स्वतः स्टूल टाकून बसतात.

पहिल्या रविवारी आम्हालाही जेवायला बोलावलं. काकूंच्या बहिणी, माझी बायको, मी, सगळे ओट्याभोवती गोलाकार बसलो. समोर काकू बोंबील तळत होत्या. एकीने कुणाच्या तरी हळदीतली फजिती सांगितली आणि हशा उसळला. काकू आमच्याबरोबरच हसल्या, हातातला झारा धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. वर म्हणाल्या, "खोटं सांगतेस. साडी हिरवी नव्हती, पिवली होती!" बहीण सांगायचं विसरून त्यांच्याकडे बघत राहिली.

मग मलाही चेव आला. मी ऑफिसातला किस्सा काढला. तोंडात बोंबील होता, म्हणून ओठांपुढे हात धरून बोलत होतो. काकूंचं हसू हळूहळू अडखळलं. त्या मान कलती करून माझ्याकडे बघू लागल्या.

काकांनी माझ्याकडे न बघता माझं मनगट धरलं आणि अलगद खाली आणलं.

"तिला दिसू दे, पवार," ते हळूच म्हणाले.

मी घास गिळला, काकूंकडे तोंड केलं आणि किस्सा पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.