सावकाश होऊ द्या

वाळवंडीच्या जिमखान्यात पूल स्पर्धेचा अंतिम सामना आठ वर्षं अडला होता, कारण हणमंतराव चिखलीकर एका फटक्याचा विचार करत होते. टेबलावर एकटा काळा बॉल उरलेला. तो पॉकेटात घालील तो जिंकला.

तीस सेकंदांचा नियम होता, नाही असं नाही. पण चिखलीकर क्यूला खडू लावत असताना समोर बसलेले प्रतिस्पर्धी दिगंबर उकिडवे, पंगतीत म्हणावं तसं सहज म्हणून गेले, "सावकाश होऊ द्या." पंच बाबरांनी ते सामनापत्रिकेत लिहून घेतलं आणि स्टॉपवॉच कपाटात ठेवलं. झालं! आता शब्द मागे घ्यायचा तर तो उकिडव्यांनीच. आणि एकदा सावकाश म्हटल्यावर 'आटपा' म्हणायचं कुठल्या तोंडाने? खुर्ची सोडली तर सामना गेला, म्हणून ते बसून राहिले. संथ खेळ निवारण समिती दरमहा भरायची. विषय घाईने हाताळू नये, असा तिचा ठराव होता.

मधल्या काळात उकिडव्यांच्या घरी नात झाली. बाबा आल्याशिवाय बारसं नाही, असं लेकीने ठरवलं. नात तिसरीत गेली, तरी हजेरी घेताना बाई नुसत्या तिच्या बाकाकडे बघत आणि पोरगी 'हजर' म्हणे.

"अहो, म्हणा की एकदा आटपा म्हणून," डबा घेऊन आलेल्या कुसुमताई रोज म्हणत. "पोरीला नाव नको का?"

"अगं, माणूस विचार करतोय. बरं दिसतं का ते?"

एका मंगळवारी चार वाजता चिखलीकरांनी फटका मारला. चुकला. काळा बॉल पॉकेटाच्या तोंडाशी जाऊन थांबला. फुंकर मारली असती तरी पडला असता.

उकिडवे उठले. गुडघे कडकडा वाजले. कुसुमताईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला, "पाळणा बांध गं! आलेच बाबा!" पोरीचे पाय पाळण्याबाहेर येत होते, पण बसली बिचारी.

उकिडवे वाकले. चिखलीकर खुर्चीत टेकले, घाम पुसला आणि मायेने म्हणाले, "सावकाश होऊ द्या, उकिडवे."

बाबरांनी लिहून घेतलं.

उकिडव्यांना गहिवरून आलं. एवढा आग्रह होत असताना बकाबका उरकायचं म्हणजे काय! ते सरळ उभे राहिले आणि क्यूला खडू लावू लागले.

कुसुमताईंनी पुन्हा फोन लावला.

"पोरीला उतरव पाळण्यातून," त्या म्हणाल्या. "उद्या शाळा आहे."